पाहुण्याचा खेळ

खेळाला नीतीचे माप लावू नये, असे मत सुशिक्षित मंडळींत बरेच रूढ आहे. मनुष्य कचेरीत काय करतो, घरी कसा वागतो, पैसा कोठून आणतो, हे प्रश्न नीतीचे. पण सुट्टीच्या दिवशी तो पोहतो की पत्ते खेळतो, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग, असे आपण सहज बोलून जातो. सामान्यतः हे बरोबरही आहे. दुसऱ्याच्या विरंगुळ्याकडे डोळे वटारून पाहण्याची सवय काही सद्गुणांत जमा होणारी नव्हे. तथापि एक प्रश्न विरंगुळ्याच्या पोटातूनच निघतो, आणि त्याला खेळाबाहेर घालवून देता येत नाही. आपल्या गावापासून दूर, उन्हाने भाजून निघणाऱ्या मुलखात, चार दिवसांसाठी किंवा चार वर्षांसाठी आलेला मनुष्य तेथील जमिनीवर, तेथील पाण्यावर आणि तेथील लोकांच्या श्रमांवर खेळतो, तेव्हा त्या जागेचे तो काही देणे लागतो काय?

हा प्रश्न आम्ही गोल्फच्या निमित्ताने मांडीत आहोत, याचे कारण सांगितले पाहिजे. मराठी माणसाच्या घरात हा खेळ वाढलेला नाही. विटीदांडू, आट्यापाट्या, खोखो, हुतूतू यांना लागते ते अंगण, फार तर गावाबाहेरचे माळरान. गोल्फच्या पुऱ्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते. परंतु परप्रांतात नोकरीस असलेल्या मराठी अधिकाऱ्याची या खेळाशी कधी ना कधी गाठ पडतेच. आमचे जबलपूर हे छावणीचे शहर. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला, १९५६ साली राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय येथे आले, २००३ साली पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. आणि प्रत्येक वेळी नागपूर, अमरावती, पुणे, सातारा येथली काही मराठी घरे आपली ट्रंका-वळकटी घेऊन नर्मदेकाठी उतरली. येथल्या छावणीत गोल्फ खेळला जातो. पचमढीच्या पठारावरही लष्कराचे मैदान आहे. हल्ली तर मुलांची शिक्षणे आटोपलेले, हाती थोडा पैसा असलेले आपले स्नेही रजा काढून गोव्याला, दुबईला, थायलंडला जातात आणि समुद्रकाठच्या मैदानावर पहाटे काठ्यांची पिशवी घेऊन उभे राहतात. तेव्हा हा प्रश्न आता साहेबाचा राहिलेला नाही. तो आपल्या घरात आलेला आहे.

प्रथम या खेळाचा धर्म काय, ते पाहू. गोल्फ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाढला. समुद्र आणि शेते यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा जो पट्टा असे, त्यावर नांगर चालत नसे. तेथे मेंढ्या चरत, पावसाने गवत उगवे, मेंढ्यांनी ते आखूड राहे. त्या पडीक जमिनीवर लोक चेंडू टोलवीत. खेळाची गोडी इतकी वाढली की धनुर्विद्येच्या अभ्यासाकडे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने त्यावर बंदी घातली. पुढे १७४४ साली एडिंबरोजवळ लीथ येथे खेळणाऱ्यांनी तेरा नियम लिहून काढले. लेखी नियमांत हेच सर्वांत जुने समजले जातात. त्या तेरांत एक नियम असा आहे की, चेंडू एखाद्या माणसाला, घोड्याला वा कुत्र्याला लागून थांबला, तर जेथे थांबला तेथूनच तो मारला पाहिजे. आज नियमांचे पुस्तक जाडजूड झाले असले तरी त्याचा गाभा हाच आहे: चेंडू जसा पडेल तसा मारावा, आणि मैदान जसे सापडेल तसे स्वीकारावे.

दुसरा गाभा असा की, या खेळात बहुधा पंच जवळ नसतो. झुडपामागे, खळग्यात, सोबत्यांच्या दृष्टीआड खेळणारा एकटा असतो, आणि चूक झाली तर दंडाचा फटका त्याने स्वतःच स्वतःवर लावून घ्यावयाचा असतो. अमेरिकेचा बॉबी जोन्स हा १९२५ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळत असता काठी लावण्यापूर्वी त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःच एक फटका दंड घेतला, त्यामुळे सामना बरोबरीत सुटला, आणि पुन्हा झालेल्या खेळात तो हरला. लोक त्याची स्तुती करू लागले, ती त्याला रुचली नाही. चोरी न केल्याबद्दल कोणी शाबासकी देते काय, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते.

जागेला आपल्या सोयीप्रमाणे वाकवू नये, आणि पाहणारा कोणी नसताही हिशेब चोख ठेवावा, अशा या दोन गोष्टी आहेत. शांतपणे विचार केला तर दिसेल की, परक्या ठिकाणी आलेल्या माणसाने कसे वागावे याचेच हे दोन नियम आहेत. आपल्या परंपरेने यजमानाची कर्तव्ये फार बारकाईने सांगितली. अतिथीला देव मानावे, त्याच्या आधी जेवू नये, त्याला विन्मुख पाठवू नये. पण अतिथीने काय करावे, याविषयी मात्र आपण जरा कमी बोललो. अतिथी म्हणजे एकच रात्र राहणारा, अशी त्या शब्दाची एक जुनी फोड आहे. तीत त्याचे सारे कर्तव्य आले, असे बहुधा पूर्वजांना वाटले असावे. एका रात्रीत माणूस कोणाचे किती बिघडवणार? परंतु तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेला अधिकारी एक रात्रीचा अतिथी नसतो आणि घरधनीही नसतो. सुट्टीच्या ठिकाणी जाणारा प्रवासी एकटा असतो तेव्हा अतिथी असतो. पण त्याच्यासारखे लक्षावधी येऊ लागले की त्यांच्यासाठी डोंगर सपाट होतात. या दोघांसाठी पाहुण्याचा धर्म नव्याने मांडावयास हवा.

गोल्फ हिंदुस्थानात आला तो पाहुण्यांबरोबर नव्हे, राज्यकर्त्यांबरोबर. कलकत्त्याचा क्लब १८२९ साली निघाला; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ साली निघाला. उन्हाळ्यात गोरे अधिकारी थंड हवेच्या जागी जात आणि खेळही बरोबर नेत. सिमल्याजवळच्या नालदेहऱ्याचे मैदान लॉर्ड कर्झनने आखले, आणि ती जागा त्याला इतकी प्रिय झाली की आपल्या मुलीच्या नावात त्याने ते नाव घातले. मध्य प्रांताला पचमढी होती. कॅप्टन फॉर्सिथने तेथे १८६२ साली बायसन लॉज बांधले; पुढे साडेतीन हजार फुटांवरचे ते पठार नागपूरच्या सरकारची उन्हाळी राजधानी झाले. कोरकू आणि गोंड लोक तेथे आधीपासून राहत होते. त्यांच्या दृष्टीने ती हवा खाण्याची जागा नव्हती, ते त्यांचे घर होते.

पण सर्वच छावण्या डोंगरावर नव्हत्या. सपाटीवरच्या उष्ण गावांत साहेबापुढे मोठी अडचण उभी राहिली. ज्या खेळाचा जन्मच पावसाळी गवतावर झाला, तो मे महिन्यात तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीवर खेळावयाचा कसा? विशेषतः होलभोवतीचा जो गुळगुळीत हिरवा भाग, ज्याला ग्रीन म्हणतात, तो आणावयाचा कोठून? हिंदुस्थानातल्या अनेक लहान मैदानांवर यावर एक साधा तोडगा निघाला. ग्रीनच्या जागी बारीक वाळू पसरावयाची, ती उडू नये म्हणून तिला तेल पाजावयाचे, आणि ओढण्याने ती सारखी करून ठेवावयाची. रंगावरून याला ब्राउन म्हणू लागले. चेंडू त्यावर निराळ्या गतीने धावतो, आणि खेळणाऱ्याला हाताचा अंदाज बदलावा लागतो. आपण चालून गेल्यावर पायांचे ठसे राहतात, ते मागून येणाऱ्यासाठी पुसावे लागतात. स्कॉटलंडचा खेळ अशा रीतीने मध्य हिंदुस्थानच्या मातीशी जुळवून घेता झाला.

या संदर्भात आमच्या शहराची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जगभर खेळला जाणारा स्नूकर हा खेळ जबलपुरात जन्मला. १८७५ साली येथे डेव्हनशर पलटणीत नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण अधिकारी होता. पावसाळ्यात बाहेर खेळणे अशक्य, म्हणून मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलावर काही जास्त रंगीत चेंडू मांडून त्याने हा नवा प्रकार काढला. पुढे १९३८ साली म्हातारपणी त्याने स्वतःच वृत्तपत्रात पत्र लिहून हा हक्क सांगितला. बॅडमिंटनचेही असेच, त्याचे आरंभीचे काही नियम पुण्याच्या छावणीत ठरले आणि काही काळ त्या खेळाला पूना असेच नाव होते. परक्या हवेने खेळणाऱ्याला अडविले, त्याने ते अडणे मान्य केले, आणि त्यातून नवे काही निघाले. जागा जशी सापडेल तशी स्वीकारण्याने काही तोटाच होतो असे नाही, याला ही दोन उदाहरणे पुरेत.

येथे कोणी म्हणेल, साहेबाला इतके सज्जन ठरवू नका. ब्राउन झाले ते पाणी नव्हते म्हणून, विवेक होता म्हणून नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. ज्यांनी जंगले राखीव करून कोरकूंना त्यांच्याच डोंगरात उपरे केले, त्यांना मैदानाच्या वाळूवरून नीतीचे प्रशस्तिपत्र देण्याचा आमचा विचार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तेव्हा निसर्गाने जी मर्यादा सक्तीने घातली होती, ती आज यंत्राने उठविली आहे. जमिनीतून हजार फुटांवरून पाणी उपसता येते, समुद्राचे गोडे करता येते, धरणातून नळाने आणता येते. म्हणून जे पूर्वी करणे शक्यच नव्हते ते करावे की करू नये, हा प्रश्न आता पहिल्यांदा खऱ्या अर्थाने नीतीचा झाला आहे. उपाशी माणसाच्या उपवासाला व्रत म्हणत नाहीत; ताट समोर आल्यावर व्रताचा प्रश्न येतो.

दुबईत १९८८ साली संपूर्ण गवताचे गोल्फ मैदान झाले. त्या बाजूच्या वाळवंटी देशांतले ते पहिले. त्यानंतर उष्ण कटिबंधातल्या समुद्रकाठी, बेटांवर, टेकड्यांवर अशी मैदाने भराभर निघाली. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ती सगळीकडे सारखी असतात. खेळणारा विमानातून उतरतो, थंड मोटारीतून निवासात येतो, पहाटे तेच गवत, तोच तलाव, तीच पांढरी वाळू पाहतो. आपण कोणत्या देशात आहोत हे त्याला फक्त घामावरून कळते. जागेशी जुळवून घेण्याचे जे कष्ट या खेळाचा धर्म होते, ते सगळे कष्ट त्या जागेवर लादण्यात आले आहेत. चेंडू जसा पडेल तसा मारावयाचा, हा नियम खेळणारा अजूनही निष्ठेने पाळतो. पण ज्या मैदानावर तो पाळतो ते मैदानच मुळी जसे सापडले तसे ठेवलेले नसते.

याची किंमत किती, हे थोडक्यात मांडून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरावयाचे तर दहा हजार लिटर लागतात. हे शाळकरी गणित आहे. मेच्या उन्हात गवत हिरवे राखण्यास रोज पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते असे धरू, आणि अठरा होलच्या मैदानापैकी वीस हेक्टरच भिजवावयाचे असे समजू. रोजचे पाणी झाले दहा लाख लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दरडोई रोज पंचावन्न लिटर हे प्रमाण ठरविले. त्या मापाने हे पाणी अठरा हजार माणसांचे होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. आपण धरलेल्या मैदानाला तशा दोन गाड्या रोज लागतील.

म्हणूनच या खेळाविरुद्ध ठिकठिकाणी लोक उभे राहिले. १९९३ साली आशियातील काही देशांच्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन गोल्फ मैदानांच्या विस्ताराविरुद्ध जागतिक चळवळ पुकारली. मेक्सिकोतल्या तेपोझ्तलान या गावाने १९९५ साली अशा मैदानाला एवढा विरोध केला की ती योजना सोडून द्यावी लागली. आपल्या अगदी शेजारी, महाराष्ट्र आणि गोवे यांच्या सीमेवर तेरेखोल येथे गोल्फचे विश्रामस्थान उभारण्याचे घाटत होते, त्यालाही गावकऱ्यांनी २०१५ च्या सुमारास कसून विरोध केला. या लोकांपैकी फार थोड्यांनी गोल्फ खेळलेला असेल. पण तो कशावर खेळला जाणार, हे त्यांना नीट कळत होते.

आता दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने ऐकली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, पाहुणा पैसे देतो आणि त्यातून गावाला रोजगार मिळतो. हे खरे आहे, आणि ज्याच्या पोटाला चिमटा बसलेला नाही त्याने ते हसण्यावारी नेऊ नये. दुसरा असा की, मैदानाला शहराचे सांडपाणी शुद्ध करून देता येते. तसे झाले तर पाण्याची तक्रार बरीचशी निकालात निघते. तिसरा असा की, पुष्कळ जुन्या छावण्यांत गोल्फच्या मैदानामुळेच मोठी झाडे आणि मोकळी हवा शिल्लक राहिली, नाहीतर तेथे केव्हाच इमारती झाल्या असत्या. हेही नाकारता येत नाही. चौथा युक्तिवाद सर्वांत बोचरा आहे. गोल्फलाच का धरता? उसाला किती पाणी लागते? आणि सरकारी बंगल्यांपुढची जी हिरवळ उन्हाळ्यात दोन वेळा नळीने भिजविली जाते, जिच्यावर संध्याकाळी वेताच्या खुर्च्या टाकून आपण परप्रांतातील पाणीटंचाईवर बोलतो, तिचे काय?

याच वादाचा एक मासला महाराष्ट्राने २०१६ साली पाहिला. दुष्काळ तीव्र होता. क्रिकेटच्या सामन्यांसाठी खेळपट्ट्यांना पाणी घालावयाचे की नाही, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यावेत असा आदेश झाला. तेव्हा अनेक जाणत्यांनी म्हटले की, खेळपट्टीला लागणारे पाणी म्हणजे समुद्रातला थेंब; एवढ्याने दुष्काळ हटत नाही. हिशेबाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. परंतु त्यात दोन प्रश्नांची गल्लत होती. एक प्रश्न हिशेबाचा: इतक्या पाण्याने कोणाची तहान भागेल? दुसरा प्रश्न सभ्यतेचा: शेजारी हंड्यांची रांग लागली असताना आपण काय करीत आहोत? शेजारच्या घरी सुतक असताना आपल्या घरचे चौघडे बंद ठेवले म्हणून मेलेला मनुष्य परत येत नाही. तरी आपण ते बंद ठेवतो, आणि कोणी त्याला निरर्थक म्हणत नाही. उसाचा प्रश्न हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर येईल, हे आम्हाला मान्य आहे. पण ऊस लावणारा निदान त्या गावचा असतो. त्या जमिनीचे बरेवाईट त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याला येणार असते. पाहुण्याच्या वाट्याला फक्त सकाळ येते. ज्याला परिणाम भोगावयाचे नाहीत, त्याने मागणी करताना इतरांहून अधिक हात आखडता घ्यावा, हे त्या सभ्यतेत बसते.

पाण्याइतकाच दुसरा प्रश्न उन्हाचा आहे. उष्ण मुलखात गोल्फ खेळणारा पहाटे निघतो, कारण आठ वाजता ऊन चढते. तो निघतो तेव्हा त्याच्यामागे काठ्यांची पिशवी घेतलेला एक मुलगा किंवा पोक्त माणूस असतो. त्याला कॅडी म्हणतात. दोघे एकाच मैदानावरून, एकाच उन्हातून चालतात. पण ते ऊन एक नसते. एकाने ते मागून घेतलेले असते, दुसऱ्याने पोटासाठी पत्करलेले असते. एकाची फेरी आटोपली की तो पंख्याखाली जातो. दुसरा पुढच्या फेरीची वाट पाहतो. आणि गंमत अशी की, मैदान कोणाला कळते म्हणाल तर त्या पिशवीवाल्यालाच. उतार कोणीकडे आहे, कोणत्या बाजूचे गवत चेंडू अडविते, वारा केव्हा फिरतो, हे तो सांगतो आणि पाहुणा ऐकतो. दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम केलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया याने २००८ साली दिल्लीत परदेशी खेळाडूंना मागे टाकून मोठी स्पर्धा जिंकली. या गोष्टी आनंदाच्या आहेत. पण दोन माणसे वर चढली म्हणून जिन्याखाली उभ्या असलेल्यांचा हिशेब चुकता झाला, असे समजण्याचा मोह आवरला पाहिजे. या दोन विजयांवरून एक निश्चित कळते ते असे की, ज्यांना आपण खेळाचे सामान वाहणारे समजत होतो, त्यांच्यात खेळ आपल्याइतकाच, कदाचित आपल्याहून अधिक होता. संधी मात्र आपल्याकडे होती.

तर मग पाहुण्याने खेळूच नये काय? आम्ही असे म्हणणार नाही. परगावी राहणाऱ्या माणसाला विरंगुळा लागतो. तो नसेल तर एकटेपणाने त्याची वृत्ती कडवट होते, आणि कडवट अधिकाऱ्यापासून गावाला जो त्रास होतो तो गवताच्या पाण्याहून कमी नसतो. प्रश्न खेळण्याचा नाही, कोणत्या अटीवर खेळावे याचा आहे. या अटी बाहेरून आणावयाची गरजही नाही. त्या खेळाच्याच पुस्तकात आहेत. मैदान जसे सापडेल तसे स्वीकारावे, हा नियम चेंडूपुरता न ठेवता जागेलाही लावावा. जेथे वाळू आहे तेथे वाळूवर खेळावे. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे रत्नांच्या खाणींचे गाव आहे. तेथल्या गोल्फ मैदानावर गवताची काडी नाही. खेळणारे चेंडू ठेवण्यापुरता कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर बाळगतात, आणि दिवसाचे ऊन टाळण्यासाठी कित्येकदा रात्री चमकणाऱ्या चेंडूने खेळतात. त्या लोकांना खेळाचा आनंद आपल्याहून कमी मिळतो असे मानण्यास काही आधार नाही.

दुसरी अट, पंच नसताही स्वतःवर दंड लावून घेण्याची. पाणी कोठून येते हे विचारण्यास कोणी सांगत नाही. ते आपण विचारावे. ते गावाच्या विहिरीचे असेल तर तेथे खेळावयास जाऊ नये, मग निवास कितीही स्वस्त आणि सुंदर असो. पिशवी वाहणाऱ्याला किती मिळते, त्याला सावली आणि पिण्याचे पाणी आहे की नाही, त्याला एका सकाळी किती फेऱ्या माराव्या लागतात, हेही विचारावे. ऊन चढल्यावर आपल्याला आणखी चार होल खेळण्याची हौस असली तरी त्याला ती आहे काय, हे पाहावे. यातली एकही गोष्ट कायद्याने आपल्यावर लादलेली नाही, आणि म्हणूनच ती बॉबी जोन्सच्या त्या न दिसलेल्या चेंडूसारखी आहे.

हे सर्व लिहीत असता आमच्या मनासमोर गोल्फ खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणारेच अधिक आहेत. वाचकांपैकी बहुतेकांनी त्या काठीला हातही लावला नसेल. परंतु बदलीच्या ठिकाणी आपण सारेच पाहुण्यांच्या मैदानावर आहोत. गाव आपले नाही, भाषा आपली नाही, आणि वरून पाहणारा पंच बहुधा फार दूर असतो. अशा वेळी दोन मोह होतात. एक, त्या गावाला आपल्या गावासारखे करून घेण्याचा: येथले लोक असेच, येथली रीत तशीच, आमच्याकडे असे नसते, हे दिवसातून दहादा म्हणण्याचा. दुसरा, तीन वर्षांनी जावयाचेच आहे, मग कोण बघतो, असे मानून जागा आणि माणसे वापरून टाकण्याचा. पहिल्या मोहाने माणूस जागेला वाकवतो. दुसऱ्याने हिशेब बुडवतो. गोल्फच्या दोन जुन्या नियमांनी नेमके हेच दोन मोह वर्ज्य केले आहेत, ही गोष्ट योगायोगाची असली तरी उपयोगाची आहे.

जबलपुरात मराठी माणसे फार काळापासून आहेत. इंग्रजांच्या आधी येथे भोसल्यांचा अंमल होता. तो १८१८ च्या आगेमागे गेला. तेव्हापासून कित्येक घरे येथलीच होऊन राहिली. त्यांच्या घरात मराठी टिकली आणि ओठांवर बुंदेली वळणाची हिंदीही आली. नर्मदा त्यांना गोदेसारखीच वाटू लागली. ती माणसे जागेपुढे नमली म्हणून त्यांनी स्वत्व गमावले, असे कोणी म्हणणार नाही. उलट, जी घरे आपला मूळ गाव जसाच्या तसा येथे उभा करू पाहत होती, ती पेन्शनीचा कागद हाती पडताच निघून गेली, आणि त्यांची आठवण सांगणारे आज शेजारात कोणी नाही.

वाळूच्या खळग्यातून चेंडू बाहेर काढल्यावर खेळणाऱ्याने तेथे ठेवलेली दाताळी उचलून आपल्या पायांचे ठसे सारखे करावेत, असा गोल्फचा शिष्टाचार आहे. ब्राउनवर तर ते अधिकच आवश्यक असते. मागून कोण येणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. बहुधा ते त्याच्या ओळखीचेही नसते. कार्यभार सोपविताना आपण यादी देतो, किल्ल्या देतो, सही घेतो. त्या यादीत विहिरीतले पाणी नसते, माळ्याची थकलेली पाठ नसते, गावाच्या मनात आपल्याविषयी काय उरले तेही नसते. ते लिहून देण्यास कोणी सांगत नाही. तरी त्या यादीत काय भरले आहे, हे ज्याचे त्याने निघण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे, इतकेच आमचे मागणे आहे.